तिसऱ्यांदा तोच सड सुजला, आता कोणतं भारी इंजेक्शन द्यायचं?

पत्र: "आमच्याकडे आठ एच.एफ. गायी आहेत, त्यातल्या पाच दुधावर. चंद्रीचा मागचा उजवा सड या वेतात तिसऱ्यांदा सुजलाय. दर वेळी मेडिकलमधून सडात सोडायच्या ट्यूबा आणतो, दोन दिवस सोडतो, जोडीला एक इंजेक्शन देतो. गाठी जातात आणि महिना-दीड महिन्यानं परत येतात. मागच्या आठवड्यात केंद्रावर पट्टी लावली आणि आमचं ७० लिटर दूध परत पाठवलं. त्या सडाचं दूध आम्ही तीन दिवस वेगळं काढलं होतं, तरी असं झालं. परत आलेल्यातलं थोडं घरी उकळून विरजण लावलं तर सकाळपर्यंत दही लागलंच नाही. बाकीचं वासरांना पाजलं. एकदाच देऊन बरी होईल असं भारी इंजेक्शन कोणतं? दूध किती दिवस घालायचं नाही? का गाय विकूनच टाकावी?" (एक ताई, फलटण तालुका)

ताई, चंद्रीचा आजार म्हणजे कासदाह, कासेत जिवाणू शिरून येणारी सूज. पण सुरुवात त्या न लागलेल्या दह्यापासून करू. दुधात अँटिबायोटिक आहे का ते दाखवणारी दूध केंद्रावरची पट्टी चुकली का, ही शंका तुमच्या पत्रात कुठेतरी आहे. ती चुकली नव्हती, हे तुमच्या पातेल्यानंच सांगितलं. विरजणात जिवाणू असतात, ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात, म्हणून दूध घट्ट होतं. अँटिबायोटिक जिवाणू मारण्यासाठीच असतं. सडातला कोणता आणि विरजणातला कोणता हे त्याला कळत नाही. रात्रभर ठेवूनही दूध पातळ आणि गोडसरच राहिलं, म्हणजे त्यात औषध होतं. उकळूनही उपयोग झाला नाही, कारण यातली बरीच औषधं उकळीला दाद देत नाहीत.

आता "एका सडाचं औषध, एवढ्या दुधात काय होतंय" हा हिशोब मांडून बघा. अमॉक्सिसिलिनच्या एका ट्यूबमध्ये साधारण २०० मिलिग्रॅम औषध असतं. दुधातली त्याची मान्य मर्यादा लिटरमागे ४ मायक्रोग्रॅम. समजा ट्यूबमधला फक्त दहावा हिस्सा, म्हणजे २० मिलिग्रॅम, एका धारेत बाहेर आला. तेवढा ५,००० लिटर दूध मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला पुरतो. म्हणजे एका गायीची एक धार आणि अख्खा टँकर. केंद्रवाले कडक वागतात ते यासाठी.

तीन दिवस थांबूनही दूध अडलं, त्याची कारणं तुमच्या पत्रातच दिसतात. तुम्ही फक्त दुखऱ्या सडाचं दूध वेगळं काढलंत. पण सडात सोडलेलं औषध रक्तात शोषलं जातं आणि बाकीच्या तिन्ही सडांत उतरतं, शिवाय तुम्ही इंजेक्शनही दिलं होतं, ते तर सगळ्या कासेत जाणारच. म्हणून दूध बाजूला काढायचं ते चारही सडांचं. धारा मशीननं काढत असाल आणि चंद्री रांगेत मधे कुठे येत असेल, तर तिच्या धारेनंतर नळीत आणि बादलीत जे दूध राहतं, ते पुढच्या गायीच्या दुधात मिसळतं. औषध चालू असलेली गाय नेहमी शेवटी, आणि तिच्यानंतर मशीन धुतल्याशिवाय दुसऱ्या गायीला लावायचं नाही.

किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं असतं. ते खोक्यावर किंवा आतल्या कागदावर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर २०१२ सालापासून आपल्याकडे नियम आहे की दुधासाठी कमीत कमी ७ दिवस धरायचे. दिवस मोजायचे ते शेवटच्या डोसापासून. इथे बहुतेकांची चूक होते, पहिल्या ट्यूबपासून मोजतात. शेवटची ट्यूब सोमवारी संध्याकाळी सोडली आणि मुदत ७ दिवसांची असेल, तर पुढच्या सोमवारच्या संध्याकाळपर्यंतची एकही धार केंद्रावर जाता कामा नये. दोन औषधं दिली असतील तर ज्याची मुदत मोठी ती पाळायची. मेडिकलमधून ट्यूब घेताना ती धारेच्या गायीची आहे का, हेही वाचून घ्या. भाकड गायीसाठी वेगळ्या ट्यूबा मिळतात, त्यांचं औषध आठवडेच्या आठवडे टिकावं असंच बनवलेलं असतं. ती चुकून धारेच्या गायीला गेली तर ७ दिवसांचा हिशोब लागूच पडत नाही.

पट्टीत रेघ बरोबर आली म्हणजे दूध औषधमुक्त, असंही धरू नका. बहुतेक पट्ट्या पेनिसिलिनच्या किंवा टेट्रासायक्लिनच्या गटातली औषधं दाखवतात. दुसऱ्या गटाचं औषध दिलं असेल तर पट्टी गप्प राहील आणि औषध दुधातून कुणाच्या तरी घरी जाईल.

वासरांना ते दूध पाजणं आजपासून बंद करा, ताई. फेकवत नाही हे समजतं, पण थोडं थोडं औषध रोज पोटात गेलं की वासराच्या आतड्यातले औषधाला बळी पडणारे जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरून वाढतात. उद्या त्याच वासराला हगवण लागली, तर नेहमीचं औषध चालणार नाही. तेच जिवाणू शेणातून गोठ्यात, शेतात, तुमच्या हातांवर येतात. तुमची पाचही दुधावरची जनावरं आणि घरातली माणसं एकाच अंगणात वावरतात, जिवाणूंना त्यात भिंत नाही. हे दूध विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उकिरड्याच्या एका कडेला खड्डा करून ओता आणि वरून शेण-माती ओढा. गोबरगॅसमध्ये नको, गॅस बनवणारे जिवाणूसुद्धा त्यानं मरतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, भारी इंजेक्शनाचा. औषधाचं नाव आम्ही इथे लिहिणार नाही, आणि ते टाळाटाळ म्हणून नाही. तोच सड, तेच वेत, महिना-दीड महिन्यानं पुन्हा, या लक्षणांवरून आमचा पहिला संशय असा की चंद्री मधल्या काळात बरी झालीच नव्हती. गाठी दिसेनाशा झाल्या, आजार आतच राहिला. असं वागणारा जिवाणू बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. तो कासेच्या आत छोट्या छोट्या गळवांत आणि जखमेच्या घट्ट झालेल्या भागात दबा धरून बसतो. तिथे औषध पोचतच नाही. न पोचणारं औषध कितीही भारी असलं तरी काय करणार? त्यातही दोन दिवसांनी थांबलं की वरवरचे मरतात, चिवट ते उरतात. पुढच्या वेळी तेच औषध आणखी कमी चालतं, मग आपण त्याहून भारी शोधतो.

मेडिकलवाला "भारी" म्हणून जे देतो, ते बहुतेक वेळा सेफ्ट्रायॅक्झोनसारखं तिसऱ्या पिढीचं सेफॅलोस्पोरिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिन असतं. याच गटातली औषधं दवाखान्यात माणसांच्या न्यूमोनियाला, टायफॉइडला, रक्तात पसरलेल्या संसर्गाला वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं हे दोन्ही गट माणसांसाठी सर्वांत जपून ठेवायच्या औषधांत धरले आहेत. कोलिस्टिन तर माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध, म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारनं अन्न देणाऱ्या जनावरांसाठी त्याची विक्री आणि वापर बंद केला. तुमच्या गोठ्यात पहिल्या दोन गटांतलं काही लागणारच नाही असं आम्ही म्हणत नाही. पण ते तपासणीच्या कागदावरून लागावं, दुकानदाराच्या अंदाजावरून नको.

तेव्हा औषधाच्या आधी नमुना. एक चूक नेहमी होते: आधी एक इंजेक्शन देऊन बघतात, फरक पडला नाही की मग नमुना काढतात. औषध दिल्यावर काढलेल्या नमुन्यात बहुधा जिवाणू वाढत नाही. तुम्ही या वेळी अजून काही दिलं नसेल तर उत्तम. नमुना असा काढा: सड धुऊन कोरडा करा. स्पिरिटात भिजवलेल्या कापसानं सडाचं टोक पुसा, कापूस काळा निघाला तर दुसरा बोळा घ्या, कापूस पांढरा निघेपर्यंत पुसत राहा. स्पिरिट वाळू द्या. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. निर्जंतुक बाटली आडवी धरून, तोंडाला सड लागू न देता, ५ ते १० मिली दूध घ्या आणि लगेच झाकण लावा. बाटलीवर तारीख, गायीच्या बिल्ल्याचा नंबर आणि सड लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. शेणाचा एक कण पडला तरी अहवाल शेणातल्या जिवाणूचा येईल, म्हणून एवढी काळजी. तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यातल्या त्यात जवळ, दुसरं ठिकाण पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग. नमुना नेण्याआधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोलून घ्या, पाठवण्याची सोय ते सांगतील. स्टॅफिलोकोकस प्रत्येक धारेला बाहेर पडतोच असं नाही, त्यामुळे एक नमुना कोरा आला तर काही दिवसांनी दुसरा द्या.

अहवालाला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर काय? गाय चारा खातेय, ताप नाही, फक्त दुधात गाठी आणि सडाला थोडी सूज, असं असेल तर हे दिवस अँटिबायोटिकशिवाय काढता येतात, पण डॉक्टरांना कळवून. सड दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण रिकामा करा. वेदना-सूज उतरायला डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतील. (डायक्लोफेनॅक कुणी पुढे केलं तर घेऊ नका. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांना मारतं.) राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ जो लेप सांगतं, तोही लावता येईल: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम एकत्र वाटून, पातळ करून दिवसातून आठ-दहा वेळा कासेवर, पाच दिवस. धार काढण्याआधी तो नीट धुऊन घ्या. पण गायीनं रवंथ थांबवला, ताप १०४ च्या वर गेला, दूध पाण्यासारखं पिवळट झालं, किंवा सड थंड आणि निळसर पडला, तर अहवालाची वाट बघायची नाही. तो कासदाह जनावराचा जीव घेतो. ताबडतोब डॉक्टर, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन.

अहवालात जिवाणू कोणता आणि त्यावर कोणतं औषध चालतं, दोन्ही येईल. स्ट्रेप्टोकोकस अॅगॅलॅक्टिए निघाला तर आनंद माना. तो साध्या पेनिसिलिनला अजूनही छान दाद देतो, भारी काहीच लागत नाही. ई. कोलाय निघाला आणि गाय तोवर सुधारलेली असेल, तर बहुतेक वेळा तिच्या शरीरानंच त्याला बाहेर काढलेलं असतं, अँटिबायोटिकनं फारसा फरक पडत नाही. स्टॅफिलोकोकस निघाला तर डॉक्टरांना सरळ विचारा: या गायीत बरं व्हायची आशा किती? पहिलारू गाय आणि नवा संसर्ग असेल तर लांब कोर्सनं ती बरी होऊ शकते. चार-पाच वेतांची गाय, कासेत हाताला लागणारी गाठ, तिसरी खेप, असं असेल तर आशा कमी.

औषध ठरलं की ते पूर्ण. किती दिवस ते डॉक्टर लिहून देतील, गाठी गेल्या म्हणून एक दिवसही कमी नाही. आणि डोस वजनावर. अंदाजानं "मोठी गाय, एक बाटली" असं चालत नाही. टेप घ्या, पुढच्या पायांमागे छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, आलं किलोत वजन. घेर ७२ आणि लांबी ६२ असेल तर ४८७ किलो. याच गायीला ३०० किलोचा डोस दिला तर जिवाणू मरत नाही, त्याला औषधाची सवय होते.

ट्यूब सोडतानाची एक गोष्ट बारकाईनं सांगतो, कारण इथे पुष्कळ गोठ्यांत नवा आजार आपल्याच हातानं आत जातो. सड आधी पूर्ण रिकामा करा. टोक स्पिरिटनं वर सांगितलं तसंच पुसा. मग ट्यूबची नोझल संपूर्ण आत ढकलायची नाही, फक्त ३-४ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. सडाच्या टोकाला आत केराटिनचा एक थर असतो, तो जिवाणूंना अडवणारा दरवाजाच. नोझल पूर्ण घातली की तो खरवडला जातो आणि टोकावरची घाणही वर ढकलली जाते. औषध सोडून झालं की सड दोन बोटांनी चिमटीत धरून औषध वरच्या दिशेनं चोळा. एक ट्यूब एकाच सडाला, अर्धी-अर्धी वाटायची नाही. इंजेक्शनची बाटली सिरिंजनं सडात सोडणं आणि दूध उतरवायला सडात नळी घालणं, दोन्ही पूर्ण बंद.

उरलेल्या चार गायी वाचवणं आता चंद्रीपेक्षा मोठं काम आहे. स्टॅफिलोकोकस धार काढणाऱ्याच्या हातावरून, एकाच फडक्यावरून आणि मशीनच्या रबरावरून पसरतो. आज संध्याकाळीच चौघींच्या सोळा सडांची तपासणी करा. डॉक्टरांकडे सी.एम.टी.चं (कासदाह ओळखायच्या कॅलिफोर्निया चाचणीचं) द्रावण मिळतं. ते नसेल तर कपडे धुण्याची पावडर १५ ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, प्रत्येक सडाचं थोडं दूध वेगळ्या वाटीत, तेवढंच द्रावण, आणि मिनिटभर गोल हलवा. दूध पातळ राहिलं तर ठीक. चिकट झालं, नाकातल्या शेंबडासारखी तार आली, तर त्या सडात सुप्त कासदाह आहे, दूध वरून कितीही पांढरं दिसू दे. नुकतीच व्यालेली गाय पहिले चार-पाच दिवस तपासू नका, चीक असताना उगाच चिकटपणा दिसतो. सुप्त कासदाह सापडला म्हणून लगेच ट्यूब सोडायची नाही. ती गाय चंद्रीच्या अलीकडे, निरोगी गायींच्या नंतर पिळायची आणि तिचाही नमुना द्यायचा.

धार काढून झाली की लगेच प्रत्येक सड आयोडीनमध्ये बुडवा. ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन ९० मिली, ग्लिसरीन १० मिली, छोट्या कपात घेऊन सड पूर्ण बुडेल असा. कपात शेण पडलं तर ते द्रावण फेका. त्यानंतर अर्धा तास गाय बसू देऊ नका, सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. यासाठी हिरवी वैरण धारेच्या आधी न टाकता नंतर टाका, ती आपोआप उभी राहते. कास पुसायला प्रत्येक गायीला वेगळं फडकं. मशीनचे लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या कपांतले रबर, साधारण २,५०० धारांना बदलतात. पाच गायी, दिवसातून दोन वेळा, म्हणजे रोज १० धारा, एका क्लस्टरचे (चार कपांच्या जोडाचे) लायनर २५० दिवसांत संपले. फाटेपर्यंत थांबायचं नाही, रबराला न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि जिवाणू त्यात घर करतात.

भिंतीवर एक वही टांगा: तारीख, बिल्ला नंबर, कोणता सड, औषध, शेवटचा डोस कधी, दूध कधीपासून घालायचं. औषध चालू असलेल्या गायीच्या मागच्या पायाला लाल रिबन बांधा. पहाटे धारेला घरातलं दुसरं कुणी बसलं तरी त्याला न विचारता कळलं पाहिजे. आणि तिवा (तीन दिवसांचा ताप) आला, लाळ-खुरकूत आली, की लगेच अँटिबायोटिक टोचणं थांबवा. ते विषाणूंचे आजार आहेत, अँटिबायोटिक त्यांना लागूच पडत नाही. मागून दुसरा संसर्ग झाला का, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

गाय विकण्याबद्दल. बाजारात नेऊन "धारेची गाय" म्हणून विकली तर चंद्री आणि तिचा जिवाणू दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात जाईल, तेव्हा आजार लपवून विकू नका, एवढी कळकळीची विनंती. अहवाल वाईट आला तरी एक वाट आहे. गायी तीन सडांवरही दूध देतात. सूज पूर्ण उतरल्यावर तो मागचा उजवा सड पिळायचाच नाही, हळूहळू तो आटतो. आटवण्यासाठी त्यात कुठलं रसायन सोडायचं नाही, तसं कुणी सुचवलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका. चंद्री या गोठ्यात शेवटची पिळायची, हा नियम कायम ठेवा. ती गाभण असेल तर विण्याच्या ६० दिवस आधी तिला पूर्ण आटवा आणि त्या दिवशी भाकड गायीची ट्यूब सोडायची का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिच्यासारख्या गायीला ती बहुधा लागेल. ज्यांच्या सडांत वेतभर काही निघालं नाही, अशा बाकीच्यांना सरसकट ट्यूब सोडायची गरज नाही. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून असा सरसकट वापर बंदच केला आहे. तुमच्याकडे वाटीतली तपासणी आणि भिंतीवरची वही असेल, तर कुणाला ट्यूब हवी ते तुम्हीच दाखवू शकाल.

अहवाल हातात आला की त्याचा फोटो आणि चंद्री कितव्या वेताची आहे ते कळवा, पुढचं आपण त्यावरून बोलू.